ड्रायव्हर उपलब्ध नाही

ड्रायव्हरकाकांच्या पुढच्या खोलीत त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावर पोरं बसली होती, दारात इस्त्रीवाला एका पायावर उभा होता, आणि शिवणयंत्रासमोरच्या एकाच स्टुलावर तळमजल्यावरच्या दोघी बहिणी पाठीला पाठ टेकून बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या प्रिंटरवर. लग्नातल्या नवरीकडेही लोक इतकं टक लावून बघत नाहीत.

प्रिंटरसमोरच्या खुर्चीत यंत्रगुरू बसले होते. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, वरच्या खिशात चार पेनं. त्यातलं एकही लिहीत नव्हतं, पण ते नंतर कळलं.

"यंत्रालाही मन असतं," गुरू म्हणाले. "मनाला वायर असते. वायर सापडली की मन सापडलं. मन सापडलं की यंत्र चाललं. समजलं?"

कोणालाच समजलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता ही पाटी वाचा कोणीतरी. मोठ्यानं."

संगणकाच्या पडद्यावर एक पाटी आली होती. इस्त्रीवाल्यानं लांबूनच वाचली, "ड्रायव्हर उपलब्ध नाही."

"ऐकलंत?" गुरूंनी आवाज खाली आणला. "हे यंत्र या घरात कोण चालवत होतं?"

कोण चालवत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची बायको. सगळ्या गल्लीची टेलरकाकू. काकांनी उभा जन्म शहरातली बस चालवली आणि काकूंनी शिवणयंत्र. पुढे चष्मा लागल्यावर त्यांनी हट्टानं संगणक शिकून घेतला. कपडा बेतण्याचे नमुने त्या पडद्यावर आखायच्या, मापं घालायच्या, कागदावर छापून घ्यायच्या, ते कागद चिकटपट्टीनं जोडायच्या आणि त्यावरून कापड कापायच्या. संगणक मराठीत लावून घेतला तोही त्यांनीच. त्या गेल्यावर कित्येक महिने त्याला कोणी हात लावला नव्हता.

परवा सुनेनं तो सुरू केला. काकूंनी नातीसाठी एक कोट आखून ठेवला होता, शेवटचा. तो छापून शिवायचा होता. संगणक सुरू झाला तो सकाळभर स्वतःशीच काहीतरी अद्ययावत करत बसला, आणि छापायला सांगितलं तर ही पाटी दाखवू लागला. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा काका म्हणाले होते, "मी इथेच तर बसलोय." सून हसली होती. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं यंत्रगुरूंचं नाव सुचवलं, आणि आता कोणी हसत नव्हतं.

"मूळ ड्रायव्हर गेला," गुरू म्हणाले. "यंत्र वाट बघतंय. मी फक्त दोघांची गाठ घालून देतो. डोळे मिटा. सगळ्यांनी म्हणायचं, जोड, जोड, जोड."

त्यांनी पिशवीतून काळं फडकं काढलं आणि स्वतःचं डोकं, पडदा आणि कळफलक सगळं त्याखाली झाकून घेतलं. यंत्राचे कंप बाहेर फुटू नयेत म्हणून, असं झेरॉक्सवाल्यानं सगळ्यांना समजावलं. खोलीभर जोड, जोड सुरू झालं. दोघी बहिणींचा सूर जुळेना, तेव्हा धाकटीनं थोरलीला कोपरानं ढोसलं.

आणि प्रिंटर घरघरला. दिवा लुकलुकला. एक कागद बाहेर आला, मग दुसरा, मग तिसरा. कोटाची बाही, कोटाची पाठ, कोटाचा खिसा. खाली काकूंनी टाईप केलेली ओळ: चिमणीचा कोट, खिसे मोठे.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. झेरॉक्सवाला पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि ते बघा. काकू होत्या तेव्हा शाई संपत आल्याची पाटी यायची ना रोज? गेली. शाईसुद्धा भरली गुरूंनी."

"भरली, की नुसती दिसेनाशी झाली?" जिन्यातून आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई होत्या त्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण उलट प्रश्न विचारायची खोड काही गेली नव्हती. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

गुरूंनी एक कागद काकांच्या हातात ठेवला. "हात लावून बघा. ऊब लागते?"

लागत होती. कागद नुकत्याच काढलेल्या हातमोज्यासारखा कोमट होता.

"ती कोणाची, हे मी सांगायला नको."

काकांनी तो कागद गालाला लावला नाही, कारण खोलीत लोक होते.

सुनेनं दुसऱ्याच दिवशी कोट बेतला. शिवणकाम तिला सासूनंच शिकवलं होतं आणि हात साफ होता. पण कोट अंगात घालून चिमणी आरशासमोर उभी राहिली ती दोन्ही हात बाजूला पसरून. हात खाली येईनात.

"आई, मी वाळत घातल्यासारखी दिसते," चिमणी म्हणाली.

"हात खाली कर."

"होत नाही. आणि खिशात निम्मेच दगड मावतात. आजी म्हणाली होती सगळे मावतील."

चिमणीला रस्त्यावरचे दगड गोळा करायची सवय होती. तिच्या प्रत्येक फ्रॉकचा खिसा त्यापायी फाटलेला. म्हणून तर काकूंनी 'खिसे मोठे' असं लिहून ठेवलं होतं. सुनेला काही उमजेना. मापं तिनं स्वतः सासूबरोबर घेतली होती, आणि पोर वाढेल म्हणून काकूंनी सगळीकडे जास्तीचं माप धरलं होतं. कोट सैल व्हायला हवा होता.

बातमी गल्लीत फिरली आणि झेरॉक्सवाला गुरूंना घेऊन हजर झाला. गुरूंनी कोट उलटापालटा करून पाहिला आणि मोठा सुस्कारा टाकला.

"कोट लहान नाही झालेला. आत्मा आक्रसतोय. अडकलाय तो यंत्रात, गुदमरतोय."

"म्हणजे काय करायचं?" काकांनी विचारलं.

"मुक्ती. रविवारी करू. संगणक आतून संपूर्ण पुसायचा, कोरा करायचा. प्रिंटर मी घेऊन जातो आणि वाहत्या विजेत सोडतो."

"वाहत्या विजेत म्हणजे?"

"ते तुम्हाला कळायचं नाही."

काकांनी संगणकाकडे पाहिलं. "सगळं पुसायचं म्हणजे, तिनं आखलेलंही?"

"तेच तर धागे आहेत ज्यात त्या अडकल्यात, काका."

काकूंनी आखलेले किती नमुने त्या संगणकात होते, कोण जाणे. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे पहिले कपडे त्यात होते. ते पुसायला काकांचं मन धजेना. पण शेवटच्या दिवसांत बायकोला किती नळ्यांत आणि सुयांत अडकवून ठेवलं होतं, तेही त्यांनी पाहिलं होतं. आता आणखी कशात अडकायला नको तिनं.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी या."

शुक्रवारी बाई खाली आल्या. आल्या त्या थेट शिवणयंत्रापाशी गेल्या आणि कापून उरलेले कागद उलटून पाहू लागल्या.

"हा चौकोन कसला गं?" त्यांनी सुनेला विचारलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन छापलेला होता, आणि त्याखाली तीन शब्द: मोजा, मग कापा.

सुनेनं जीभ चावली. "तो आईंचा चौकोन. पाच सेंटिमीटरचा. छापल्यावर आधी तो मोजायचा, बरोबर पाच भरला तरच कापडाला कात्री लावायची. कधी चुकवू द्यायच्या नाहीत."

"मग मोजलास?"

"त्या दिवशी नाही. चमत्काराचं माप कोण घेतं, बाई?"

"म्हणून तर चमत्कार टिकतात. पट्टी दे."

चौकोन साडेचार भरला. दुसऱ्या कागदावरचा मोजला, तोही साडेचार. तिसरा, चौथा, सगळे साडेचार. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आत्मा आक्रसतो म्हणे. अगदी प्रमाणात आक्रसतो. माझी मुलं एवढी नेमकी असती तर मी सुखानं निवृत्त झाले असते."

काका खिडकीपाशी बसले होते. ते वळले. "बाई, तुम्हाला सगळ्याचीच थट्टा सुचते. पाटी तर तुम्हीही वाचलीत. ड्रायव्हर उपलब्ध नाही. ती नाही, म्हणून उपलब्ध नाही. यात हसण्यासारखं काय आहे?"

बाईंचं हसू मावळलं. त्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"ड्रायव्हरसाहेब, त्या पाटीतला ड्रायव्हर म्हणजे वहिनी नाहीत. माणूसच नाही तो. संगणकाची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी. मधे एक छोटा प्रोग्राम लागतो. संगणकाचा हुकूम घ्यायचा आणि त्याप्रमाणे प्रिंटर हाकायचा, एवढंच त्याचं काम. त्याला ड्रायव्हर म्हणतात."

"दुसरं नाव मिळालं नाही त्यांना?"

"मला विचारलं नाही कोणी. तुमचा संगणक कितीतरी दिवसांनी उघडला, त्यानं स्वतःला नवं करून घेतलं, आणि जुना ड्रायव्हर त्या नव्याला चालेना. म्हणून ती पाटी. कोणाच्याही घरी आली असती."

"मग गुरूनं फडक्याखाली काय केलं?"

"दुसरा ड्रायव्हर बसवला. हे दोन तऱ्हेचे असतात. प्रिंटर बनवणारी कंपनी आपल्या यंत्रासाठी खास स्वतःचा देते. आणि एक असतो सगळ्यांसाठीचा, जेनेरिक. तो संगणकात आधीपासूनच असतो. यादीतून निवडायचा की झालं. कोणत्याही प्रिंटरवर कामापुरता चालतो."

"जेनेरिक औषधासारखं?" सुनेनं विचारलं.

"तसं नाही गं. औषधात गुण तोच असतो. हा म्हणजे..." बाई शब्द शोधू लागल्या.

"बदली ड्रायव्हर," काका म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. काका खुर्चीत सरळ बसले होते. असे सरळ बसलेले ते बऱ्याच दिवसांत कोणी पाहिले नव्हते.

"आमच्या डेपोत असायचे. नेहमीचा माणूस आजारी पडला की बदलीवाला यायचा. त्याला कुठलीही गाडी द्या, मार्गावर नेणार. वाईट नसायचा हो. गाडी चालते, लोक पोचतात, काम भागतं. पण ही गाडी त्याची नव्हे. दुसरा गिअर कुठे अडतो, दार कोणत्या बाजूनं ढोसायचं, ते नेहमीच्यालाच माहीत. वळणावर फुटपाथच्या किती जवळून काढता येते ते बदलीवाल्याला ठाऊक नसतं. मग तो काय करतो? घासेल या भीतीनं कडेपासून लांब लांब हाकतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "कडेपासून लांब. अहो, तुमचा कोट तिथेच अडकलाय. हा प्रिंटर कागदाच्या कडेच्या किती जवळ छापू शकतो ते जेनेरिकला माहीत नाही. मग तो सगळ्या बाजूंनी मोठी कडा सोडतो, आणि उरलेल्या जागेत मावावं म्हणून सगळं चित्रच थोडं लहान करतो. पाचाचे साडेचार."

"आणि डिझेलचा दिवा लागला तरी बदलीवाला डेपोत येऊन सांगत नाही," काका म्हणाले. ते आता थांबायला तयार नव्हते. "त्याचं काय जातं? संध्याकाळी तो घरी. दुसऱ्या दिवशी आम्ही भर चौकात गाडी बंद पडून उभे."

"शाईची पाटी," सून म्हणाली.

"शाईची पाटी," बाईंनी मान हलवली. "शाई भरलीच नाही. सांगणारा बदलला."

मग तिघं कामाला लागली. प्रिंटरच्या पाठीवर त्याचा नंबर लिहिलेला होता, तो काकांनी बॅटरी धरून वाचून दाखवला. सुनेनं कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तो नंबर घालून ड्रायव्हर शोधला. बाईंनी दोनदा बजावलं, कंपनीच्याच वेबसाइटवरून घे, वाटेत कोणी फुकट वाटत असेल तर थांबू नको. ड्रायव्हर उतरला, बसला, आणि यादीत आता दोन नावं दिसू लागली: एक सर्वसाधारण, एक या प्रिंटरचं. सुनेनं प्रिंटरचं निवडलं.

कागद बाहेर आला. सुनेनं चौकोनावर पट्टी ठेवली. बरोबर पाच. आणि पडद्यावर जुनी पाटी परत आली: शाई संपत आली आहे.

काका कागद हातात घेऊन उभे राहिले. आजही तो कोमट होता.

"म्हणजे ती नव्हती," ते म्हणाले.

उत्तर सुनेनं दिलं.

"अप्पा, आई कशाला प्रिंटरमध्ये जाऊन बसतील? त्यांना एका जागी बसवत होतं का कधी?"

काकांना हसू आलं. पाठोपाठ डोळ्यांत पाणीही आलं, पण हसू आधी आलं होतं.

"हा चौकोन मात्र आईंचा आहे," सून म्हणाली. "मोजा, मग कापा, हे आईंचं आहे. आणि रविवारी आपण तेच पुसायला निघालोय."

काकांनी नाक पुसलं आणि कागद नीट घडी करून ठेवला.

"त्यांना येऊ नका म्हणून कळवू?" सुनेनं विचारलं.

"छे. माझ्या निवृत्तीलासुद्धा एवढी गर्दी नव्हती. येऊ दे सगळ्यांना. बाई, ती यादी कुठे असते आणि कुठे दाबायचं ते मला शिकवा."

रविवारी पुन्हा खोली भरली. यंत्रगुरू आले, मागोमाग झेरॉक्सवाला हातगाडी घेऊन आला. वाहती वीज हातगाडीवरून जाण्याइतकी जवळ असावी.

"गुरुजी, मुक्तीच्या आधी एकदा गाठ घालून द्या," काका म्हणाले. "सगळ्यांना शेवटचं बघू द्या. फक्त आज ते फडकं नको."

"फडक्याशिवाय होत नाही. कंप फुटतात."

"फुटू देत. भिंती जाड आहेत."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बाई म्हणाल्या. "उघडली की कळतं."

गुरूंनी कोटाची बटणं चाचपली. "संशयी नजरेसमोर यंत्र चालत नाही, काका. हा नियम आहे."

"माझ्या पाठीमागे आयुष्यभर बसभर माणसं मला शिव्या देत उभी असायची. माझं यंत्र रोज चाललं. उठा, मला बसू द्या."

खोलीत हशा पिकला. गुरू उठले, कारण बसून राहण्यात आता शोभा नव्हती. काका खुर्चीत बसले, खुर्ची पुढे ओढली, आणि सवयीनं एकदा डाव्या-उजव्या बाजूला बघून घेतलं. मग पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

"चला, म्हणा, जोड, जोड. डोळे मात्र उघडे ठेवायचे. ही बघा यादी. यात दोन ड्रायव्हर आहेत. हा बदलीवाला. गुरूंनी फडक्याखाली हाच बसवला होता. दाबतो."

प्रिंटर घरघरला, कागद आला. काकांनी तो इस्त्रीवाल्याच्या हातात दिला आणि वर पट्टी ठेवली. "कोपऱ्यातला चौकोन मोज. किती?"

"साडेचार."

"आता हा दुसरा, या गाडीचा नेहमीचा. दाबला. मोज."

इस्त्रीवाल्यानं दोनदा मोजलं. "पाच. बरोबर पाच."

"आत्मा परत फुगला वाटतं," तळमजल्यावरची थोरली बहीण म्हणाली, आणि धाकटीनं या वेळी तिला ढोसलं नाही.

"हे मापाचं ठीक आहे," झेरॉक्सवाला पुढे झाला. "पण ऊब? ती कुठून आली ते सांगा की."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही विचारता? दिवसभर लोकांच्या हातात गरम कागद देता तुम्ही. आत तापलेला रूळ असतो, शाईची पूड कागदावर पक्की बसावी म्हणून. की तुमच्या दुकानातही कोणी अडकून बसलंय?"

"म्हणजे इस्त्रीच की," इस्त्रीवाला म्हणाला. "मी सकाळपासून चमत्कारच करतोय म्हणायचा."

काकांनी पडद्याकडे बोट केलं. "आणि ही पाटी. शाई संपत आलीय, आणि ती खरंच संपत आलीय. दिवा दिसेनासा केला म्हणजे टाकी भरत नाही. नेहमीचा ड्रायव्हर वाईट बातमीही सांगतो. ऐकायला बरं वाटत नाही, पण वाटेत उभं राहायची वेळ येत नाही."

गुरूंनी घसा साफ केला. "हे झालं तंत्र. माझा मार्ग वेगळा आहे."

"तुमचा मार्ग हातगाडीवर उभा आहे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या धाकटीला काहीतरी आठवलं. "अहो गुरुजी, आमच्या प्रिंटरलाही तुम्ही मुक्ती दिली होती. तो कुठे वाहतोय सध्या?"

"तो होय," कट्ट्यावर बसलेली चिमणी म्हणाली. "तो झेरॉक्सच्या दुकानात आहे, आतल्या बाजूला. मी तुमच्याकडे खेळायला यायची तेव्हा त्याच्यावर बेडकाचं स्टिकर चिकटवलं होतं. अजून आहे."

झेरॉक्सवाला एकाएकी आपल्या चपला शोधू लागला. दोघी बहिणी स्टुलावरून उठल्या, आणि पहिल्यांदाच दोघींची तोंडं एकाच दिशेला झाली.

गुरू दाराकडे निघाले तेव्हा काकांनी त्यांना थांबवलं. आवाजात राग नव्हता.

"एक ऐकून जा. तुम्ही प्रिंटर चालू केलात, ते काम खरं होतं. साधं पत्र छापायचं असतं तर बदलीवालाही पुरला असता. जुन्या प्रिंटरला कंपनी नवा ड्रायव्हर देत नसेल तर त्याच्यावरच निभावायचं. हे सरळ सांगितलं असतंत तर मी चहा पाजून रीतसर मेहनताना दिला असता, आणि गल्लीनं तुम्हाला रोज बोलावलं असतं. तुम्ही माझ्या बायकोला मधे आणलंत. ते करायला नको होतं."

यंत्रगुरू तडक दाराबाहेर पडले. लगबगीत जिन्यावर त्यांच्या खिशातली पेनं पडली. पोरांनी ती उचलून हातावर चालवून पाहिली. चारही कोरडी. हातगाडी जाताना रिकामी गेली आणि तासाभरानं तळमजल्यावर परत आली, वर बेडूक चिकटवलेला प्रिंटर घेऊन.

गल्लीत नंतर काही दिवस हाच विषय होता. लोक स्वतःवरच हसत होते, आणि ते बरंच आहे. फसला म्हणून कोणी मूर्ख ठरत नाही. इस्त्रीवाला मूर्ख नव्हता आणि काका तर नव्हतेच. काका फसले कारण त्यांना फसायचं होतं. घरातलं माणूस गेलं की कोमट कागदसुद्धा हात वाटतो, आणि नेमकी तीच वेळ साधून कोणीतरी फडकं घेऊन येतो. तेव्हा एवढंच करावं: फडकं बाजूला सारायला सांगावं. यंत्र अडलं तर पाटी पूर्ण वाचावी, शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर माहीत असणाऱ्याला विचारावा, आणि जो डोळे मिटायला सांगतो त्याच्यासमोर तर डोळे मोठे करून बसावं. जे खरं असतं ते उजेडात मोजून घेतलं तरी खरंच राहतं.

सुनेनं नवं कापड आणलं. काकांनी दुकानात जाऊन शाईचं नवं कार्ट्रिज आणलं आणि स्वतः बसवलं, कारण पाटी खरं बोलत होती. कोटाचे सगळे कागद पुन्हा छापले. सून कात्री उचलणार तोच काका म्हणाले, "मोजलंस?"

"मोजलं, अप्पा."

"सगळे?"

"सगळे."

कोट सैल झाला, जसा काकूंनी धरला होता तसा. चिमणीनं दोन्ही हात खाली सोडले, मग वर केले, मग पुन्हा खाली सोडले, आणि गोळा केलेले सगळे दगड एकेक करून उजव्या खिशात भरले. डावा रिकामाच राहिला.

"आजोबा, तुम्ही हात घालून बघा," ती म्हणाली.

काकांनी आपली मूठ त्या डाव्या खिशात घातली. स्टेअरिंग धरून धरून रुंद झालेली ती मूठ मनगटापर्यंत आत गेली आणि तरी थोडी जागा उरली. लिहिलं होतं तसंच होतं. खिसे मोठे.